भिकूनानांच्या काळ्या शिवराया

सरूमावशी गेल्या वैशाखात गेल्या. त्यांच्या दहाव्याला मी कामथडीला, त्यांच्या लेकीच्या गावी गेले होते. परत भोरला येताना एसटीत खिडकीपाशी बसले आणि पहिल्यांदाच मनात आलं, की आता त्यांच्या धन्याबद्दल, भिकूनानांबद्दल बोलायला हरकत नाही. नाना जाऊन तीन वर्षं झाली. त्यांनी मला शपथ घातली होती, आणि ती मावशी असेपर्यंतची होती. माझ्या पोटात तसं काही राहत नाही. माझ्या दुकानात झेरॉक्सला आलेल्या माणसाचा सातबारा आणि सोयरीक दोन्ही संध्याकाळपर्यंत निम्म्या भोरला कळतात, असं आमचे हे म्हणतात. पण ही एक गोष्ट मी ठेवली.

माझं झेरॉक्सचं आणि फोटोचं दुकान स्टँडाजवळ आहे. शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये भिकूनाना तांबट कल्हई करायचे. उंच, पण कोळशाच्या खड्ड्यापुढे बसून बसून पाठीत वाकलेले. बोटांची टोकं कायमची काळी, भुवया अर्ध्या जळालेल्या. उमेदीत वर्षातले सहा महिने ते भाता आणि कथील घेऊन गावं फिरायचे. वेल्ह्याकडची खोरी, आंबवडे, खाली सारोळ्यापर्यंत. गावात आले की देवळापुढच्या झाडाखाली खड्डा काढायचे आणि बाया पातेली, पराती, बंब घेऊन रांगेत बसायच्या. पुढे घरोघर स्टील आलं आणि नाना शेडमध्येच बसायला लागले.

गंमत अशी, की जन्मभर दुसऱ्यांचं तांबं चकचकीत करून देणाऱ्या या माणसाचा जीव काळ्या तांब्यावर होता. गावं फिरताना लोक भांड्यांबरोबर एखादं जुनं नाणं पुढे करायचे. कुणाच्या नांगराला लागलेलं, कुणाच्या देव्हाऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या पडून राहिलेलं. बहुतेक शिवराया. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’, तांब्याचं जाडंभरडं नाणं. त्याला घरात कुणी विचारत नव्हतं, म्हणून ते नानांकडे यायचं. तशा शे-सव्वाशे शिवराया त्यांच्याकडे जमल्या होत्या, आणि प्रत्येक नाणं कुठल्या गावातून, कुणाच्या हातून आलं ते नानांना पाठ होतं.

माझी त्यांची ओळख भांडणाने झाली. दुकान टाकलं त्याच वर्षी मी सासूबाईंच्या देव्हाऱ्यातली शिवराई लिंबू-मीठ लावून खसाखसा घासली, गुलाबी लखलखीत केली आणि मोठ्या तोऱ्यात नानांना दाखवायला नेली. त्यांनी ती दोन बोटांत कडेने धरली, उजेडात नेली आणि मटकन खालीच बसले.

“कुनी घासलं?”

“मी.”

“कवा?”

“आज सकाळी.”

“म्हंजी काल आली असतीस तर...” एवढं बोलून त्यांनी नाणं माझ्या हातात ठेवलं आणि चहाला निघून गेले. पुढचे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं, काय नाटकी माणूस आहे, माझंच नाणं आणि यांना राग. तिसऱ्या दिवशी स्वतःच आले, माझ्या काउंटरवर मऊ धोतराचा तुकडा पसरला आणि त्यावर आपली एक शिवराई ठेवली. काळी-तपकिरी, मध्येच गडद हिरवी, पण अक्षर न्‌ अक्षर उठून दिसत होतं.

“हे काळं म्हंजी मळ न्हवं, पोरी. ही त्याची कातडी हाय. तीनशे साडेतीनशे वर्सं मातीत राहून आलीया. अक्षरं तांब्यात ऱ्हात न्हाईत, ह्या कातडीत ऱ्हात्यात. तू लिंबू लावलंस, कातडी सोलली, अक्षरं गेली. आता ती परत येत न्हाईत.”

मी माझी घासलेली शिवराई गल्ल्यात लपवली.

त्या दिवसापासून मी त्यांचं काम बघत बसायला लागले. काम म्हणजे काय, मुख्यतः काही न करणं. मातीने माखलेलं नाणं ते काचेच्या बरणीत पाण्यात सोडायचे आणि विसरायचे. पाणी नळाचं नाही. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचं शुद्ध पाणी मिळतं, ते. गॅरेजवाला दर वेळी विचारायचा, “नाना, गाडी कंची घेतली म्हनायची?” आठ-दहा दिवसांनी पाणी बदलायचं. माती सैल झाली की बांबूची बारीक काडी ओली करून अक्षराच्या कडेकडेने फिरवायची. लोखंड लावायचं नाही, सुई नाही, तारेचा ब्रश तर नाहीच. मग कापडावर ठेवून वरून नुसतं टिपायचं, पुसायचं नाही. बोट फक्त कडेला. “आपल्या हाताचा घामबी त्याला खातो,” म्हणायचे. घट्ट बसलेला गडद हिरवा रंग चांगला, तो तसाच ठेवायचा. पण फिकट हिरवा भुगा पडायला लागला की ते नाणं आजारी, लगेच बाकीच्यांपासून लांब, कोरड्या जागी. प्लॅस्टिकच्या पिशवीत नाणं ठेवलेलं त्यांना खपायचं नाही. माझ्याकडच्या बिघडलेल्या झेरॉक्सची कोरी बाजू आत करून ते छोटी पाकिटं करायचे. त्यामुळे नानांची निम्मी दौलत लोकांच्या जातीच्या दाखल्यांत आणि रेशनकार्डांत गुंडाळलेली होती.

बरण्या माझ्या दुकानात वरच्या फळीवर असायच्या, कारण शेडमध्ये कोळशाची धूळ. तयार झालेली नाणी घरी, पत्र्याच्या डब्यात.

एकदा वेल्ह्याच्या वरच्या अंगाच्या वाडीतला भागोजी म्हणून शेरडंवाला एक गोळा घेऊन आला. नाणं आहे की दगड, कळत नव्हतं. नानांनी बरणीत टाकला. भागोजी दर बाजाराला येऊन विचारायचा, “नाना, ह्या आठवड्यात व्हतंय का?”

“तुजी शेळी आठवड्यात इती का रं?”

“न्हाई जी, पाच म्हैनं.”

“मग तितं थांबतोस आन् हितं का घाई करतोस?”

भागोजीला ते पटायचं आणि तो पुढच्या बाजाराला पुन्हा तेच विचारायचा. पाच महिन्यांनी गोळ्यातून शिवराई निघाली. नानांची फार इच्छा होती, की त्याने ती त्यांच्याकडे ठेवावी. भागोजीने ती बघितली, कपाळाला लावली, मुंडाशात खोचली आणि निघाला. नाना शेडबाहेर येऊन अख्ख्या स्टँडाला ऐकू जाईल असं ओरडले, “कडंनं धर रं! कडंनं!” वेल्हे गाडीतली माणसं खिडकीतून डोकी काढून बघायला लागली. मी हसून हसून दमले. नाना मात्र गाडी हलेपर्यंत तिथेच उभे होते.

असं त्यांनी अख्ख्या तालुक्याला शिकवलं. शाळेतले मास्तर, गणेश मंडळातली मुलं, मामलेदार कचेरीतले शिपाई, कुणी नाणं घेऊन आलं की तोच पाठ. घरात मात्र त्यांनी एक शब्द काढला नाही. “तिला काय सांगायचं? ती तांबटाची लेक, तांबटाची सून. तांब्यातलं तिला माज्यापरास जास्त कळतंय,” असं म्हणायचे.

सरूमावशी रोज दुपारी डबा घेऊन यायच्या. ठेंगण्या, पदर खोचलेला, हात सतत कामात. डबा ठेवला की कल्हईला आलेली पातेली पुढे ओढायच्या आणि चिंच-मीठ लावून घासून द्यायच्या, मगच घरी. भांडं मळकं दिसलं तर त्यांना स्वतःची लाज वाटायची. बोलायच्या कमी. त्यामागचं कारण त्यांच्या आळीत सगळ्यांना माहीत होतं. त्यांचा पहिला मुलगा दोन वर्षांचा असताना तापाने गेला. नाना तेव्हा वेल्ह्याकडे फिरतीवर होते. मावशी एकट्या, वय लहान, दवाखान्यात न्यायचं की धनी येईपर्यंत थांबायचं, हे ठरवण्यात दोन दिवस गेले. नाना आले तेव्हा सगळं उरकलेलं होतं. नानांनी त्यांना कधी बोल लावला नाही. पण मावशींनी स्वतःला लावला, आणि वर्षभर त्या कुणाशी बोलल्या नव्हत्या म्हणतात. पुढे मंगल झाली, ती कामथडीला दिली.

नाना गेले त्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. नाणं नाकाशी धरलं तरी अक्षर दिसेना, बोटाने चाचपायचे. मंगलने हट्ट धरून एकामागोमाग दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं करून आणली आणि धूळ लागायला नको म्हणून महिनाभर कामथडीला ठेवून घेतलं. मावशी घर सांभाळायला भोरला राहिल्या. नवरात्र तोंडावर आलेलं, घरोघर भांडी, चादरी, माळे, सगळ्याची साफसफाई चालू होती. घट बसायच्या दोन दिवस आधी मावशी दुकानात आल्या. बोटांना चिंध्या बांधलेल्या.

“मालन, ह्यांला कवा आनतीया मंगल?”

“परवा. मावशी, हाताला काय झालं?”

“काय न्हाई. घरातलं काम काढलंय.” आणि हसल्या. मावशी हसलेल्या मी फार थोड्या वेळा बघितल्यात. मला लोकांच्या चौकशा करायची एवढी खोड, पण त्या दिवशी लग्नाच्या अल्बमची गडबड होती आणि मी पुढे विचारलं नाही. याचं मला अजून वाईट वाटतं, आणि वाटून काही उपयोग नाही.

नाना आले त्या दिवशी डोळ्यांत घालायच्या औषधाच्या चिठ्ठीच्या झेरॉक्स द्यायला मी त्यांच्याबरोबरच घरी गेले. मावशींनी दारातच भाकरतुकडा ओवाळला, नानांना पाटावर बसवलं आणि समोर पांढरा टॉवेल अंथरलेला दाखवला. त्यावर सगळ्या शिवराया ओळीने मांडलेल्या. सगळ्या गुलाबी, नव्या पैशासारख्या. चिंच, मीठ आणि चुलीतली राख लावून चार दिवस एकेक करून घासलेल्या. बऱ्याच नाण्यांवर अक्षराच्या जागी नुसते खड्डे होते. कागदाची पाकिटं चुलीपाशी सरपणात पडली होती.

“आता दिसतंय का?” मावशी म्हणाल्या. “तुमास्नी दिसत न्हवतं म्हनून त्या अशा काळ्या पडून ऱ्हायल्या व्हत्या. मला समजत व्हतं, पर म्या बोलले न्हाई. तुमाला वाईट वाटंल म्हनून. म्हनलं, डोळं उघडल्यावर पयलं हेच बगू द्या.”

नानांनी काळा चष्मा काढला. नवे डोळे, पाण्याने भरलेले. एक नाणं त्यांनी कडेने उचललं, उजेडाकडे फिरवलं, उलटं केलं. मग ते सरळ मुठीत धरलं. इतक्या वर्षांत नाणं मुठीत धरलेले नाना मी पहिल्यांदाच बघत होते.

“लई भारी केलंस गं,” ते म्हणाले. “डोळं दिपलं माजं.”

मावशी खुलल्या. कुठलं किती घट्ट होतं, कशाला राख जास्त लागली, हे सांगायला लागल्या. इतकं बोलताना मी त्यांना कधीच ऐकलं नव्हतं. नानांनी मंगलला खोबरेल तेल आणायला सांगितलं, मावशींचे हात पुढे ओढले, चिंध्या सोडल्या आणि चिरलेल्या बोटांना एकेक करून तेल लावत राहिले. मंगल म्हणाली, “अगं बया, आज काय हे!” मावशी लाजल्या. मी चपला घालून बाहेर पडले आणि गल्लीच्या टोकाशी उभी राहून रडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना दुकानात आले आणि स्टुलावर बसले. मग म्हणाले, “समद्या तालुक्याला सांगत फिरलो, पोरी. घरात सांगायचं तेवडं ऱ्हायलं. चूक माजी हाय. तिची न्हाई.”

मी म्हटलं, “नाना, त्यांना आता तरी सांगून ठेवा. पुढे कुणाकडून कळलं तर?”

ते एकदम उठून उभे राहिले. “न्हाई! एकदा पोर तिच्या हातनं गेलं, असं तिनं धरलंय. चाळीस वर्सं झाली, अजून झोपंत हात चाळवती. आता ह्या वयात तिला कळलं, की ह्येबी तिच्या हातनंच गेलं, तर ती ऱ्हायची न्हाई. तुला माजी शप्पत हाय. ती हाय तवर तोंड उघडायचं न्हाई.”

मी शपथ घेतली. मग स्टूल ओढून वर चढले आणि फळीवरची एकुलती बरणी खाली काढली. संक्रांतीपासून त्यात एक शिवराई पडून होती. डोळ्यांच्या धावपळीत ते ती विसरूनच गेले होते. “नाना, ही एक वाचली,” मी म्हणाले.

तीन आठवडे त्यांनी त्या एका नाण्यावर काढले. माझ्याच काउंटरवर, धोतराच्या तुकड्यावर, काडीने. माती निघत गेली तशी एकेक ओळ वर आली. आणि ते नाणं असं निघालं, की तसं त्यांच्या सव्वाशेत एकही नव्हतं. श्री, राजा, शिव या तिन्ही ओळी पुऱ्या, भोवतीचं ठिपक्यांचं कडंसुद्धा अखंड, आणि रंग जांभळट काळा. नव्या डोळ्यांनी त्यांनी बघितलेलं ते पहिलं काळं नाणं. “ही एक पुरं मला,” म्हणाले. दिवसातून दोन-तीन वेळा यायचे, बघायचे आणि जायचे. घरी काही त्यांनी ते नेलं नाही.

मधल्या काळात एक प्रकार झाला. हायस्कूलमधले नवीन मास्तर शिवराई घेऊन शेडमध्ये आले आणि विचारलं, “नाना, ही साफ कशी करायची?” मावशी तिथेच पातेलं घासत होत्या. नानांनी नाणं बघितलं, मावशींकडे बघितलं आणि म्हणाले, “चिंच लावा की. चांगलं निगतं.” मावशी मान हलवून म्हणाल्या, “आन् वाईच राख.” मास्तर आभार मानून निघाले. मी कॅमेरा टाकून पळत सुटले आणि त्यांना स्टँडापाशी गाठून सांगितलं, की नाना म्हणाले त्यातलं काहीही करू नका. मास्तरांना मी वेडी वाटले असणार. परत आले तेव्हा नाना शेडच्या दारात उभे होते. ‘सांगितलं’ अशी मी मान हलवली, तेव्हा कुठे ते आत गेले.

दिवाळीनंतर पंधरा-वीस दिवसांनी नाना गेले. छातीत दुखायला लागलं आणि दवाखान्यात पोचायच्या आतच संपलं. त्याआधी चार दिवसांची गोष्ट, ती मात्र मी विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

दुपारची वेळ होती. नाना माझ्या काउंटरशी बसले होते आणि ते नाणं त्यांच्यापुढे कापडावर होतं. मावशी रोज डबा शेडमध्ये ठेवायच्या, त्या दिवशी तिथे नाना दिसले नाहीत म्हणून दुकानात आल्या. डबा ठेवता ठेवता त्यांचं लक्ष गेलं.

“ह्ये आन् कुठलं?”

नानांनी हातातली काडी बाजूला सारली. मी पुढे झाले. “मावशी, ते माझ्या गिऱ्हाईकाचं...”

पण मावशी तांबटाच्या घरातल्या. त्यांनी नानांच्या धोतराचं कापड ओळखलं, काडी ओळखली. नाण्याकडे वाकून बघितलं, मग नानांकडे. त्यांचं तोंड हळूहळू उतरत गेलं.

“ह्ये काळं का ठिवलंय?” त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. “तुमी मुद्दाम ठिवलंय का काळं? म्या... म्या घासायच्या न्हवत्या का त्या?”

मशीन चालू होतं, कुणाची तरी पानं बाहेर येऊन खाली पडत होती, ती उचलायचंही मला सुचलं नाही.

नाना हसले. खरंच हसले. “अगं, ईसरलो की मी! हिच्या फळीवर पडून व्हतं कवापासनं. आजच घावलं. तुजीच वाट बगत व्हतो. जा, शेडातली चिंच आन.”

मावशी जागच्या हलल्या नाहीत. त्यांचा विश्वास बसत नव्हता. मग नाना स्वतः उठले, शेडमध्ये गेले आणि चिंचेचा गोळा नि चिमूटभर राख घेऊन आले. माझ्या दुकानाच्या पायरीवर बसले. मला म्हणाले, “पोरी, पानी दे वाईच.” माझा हात पुढे होईना. “दे की,” ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी दिलं.

त्यांनी नाणं तळहातावर घेतलं, त्यावर चिंच ठेवली आणि अंगठा टेकवला. थोडा वेळ अंगठा तसाच राहिला. मग घासायला लागले. नीट, दाबून, कल्हईच्या भांड्याला घासतात तसं. बोटांमधून काळं पाणी पायरीवर ओघळत होतं. मावशी शेजारी टेकल्या. “कडंला ऱ्हायलं बगा,” त्या म्हणाल्या. नानांनी कडेला राख लावली. “उलटी बाजू?” त्यांनी उलटी बाजूही घासली. मान खाली होती, त्यामुळे त्यांचं तोंड मला दिसलं नाही. मावशींनाही दिसलं नसावं.

मग त्यांनी ते धुतलं, धोतराने खसखसून पुसलं आणि मावशींच्या हातात दिलं. गुलाबी, लखलखीत. मावशींनी उन्हात धरून दोन्ही बाजू बघितल्या आणि त्यांचं तोंड पुन्हा आधीसारखं झालं.

“आता एकबी काळं न्हाई ऱ्हायलं,” त्या म्हणाल्या.

“न्हाई,” नाना म्हणाले. “आता एकबी न्हाई.”